बूश, छर्रे आणि खांद

फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला कुठेतरी न फिरणाऱ्या वस्तूवर टेकावे लागते. चाक फिरते, आस फिरत नाही. जात्याची वरची तळी फिरते, मधला खुंटा फिरत नाही. ह्या दोहोंच्या मध्ये जी बोटभर, किंवा त्याहूनही अरुंद, जागा उरते तिथे काय ठेवायचे, हा यंत्रविद्येतला फार जुना प्रश्न आहे. त्याची दोन उत्तरे कंधारच्या कुठल्याही गॅरेजात कानावर पडतात: बूश आणि बेरिंग. (पुस्तकांत ‘बेअरिंग’ लिहितात, इथे मीही तसेच लिहितो, पण बोलताना आमच्याकडे कुणी तो ‘अ’ उच्चारत नाही.)

बूश म्हणजे भोकात ठोकून बसवलेली एक नळी. पितळेची, काशाची, अलीकडे प्लास्टिकची. आस तिच्यात घासत फिरते. झीज होणारच, तेव्हा ती महागड्या आसाची होण्याऐवजी स्वस्त नळीची व्हावी, एवढाच त्यातला विचार. बेअरिंगमध्ये घासण्याचे काम शक्यतो टाळलेले असते. आत एक कडे, बाहेर एक कडे आणि मध्ये पोलादी छर्रे. छर्रे लोळतात, आणि लोळणे हे घासण्यापेक्षा फार स्वस्त पडते. तेल दिलेल्या बुशात घर्षणाचा गुणांक सुमारे ०.०५ ते ०.१ असतो; बॉल बेअरिंगमध्ये तो ०.००१ ते ०.००२ च्या आसपास येतो. म्हणजे फरक पन्नासपट वगैरे. आकडा मोहात पाडणारा आहे. मलाही त्याने पाडले.

निमित्त एका खेळण्याचे. १९८७ च्या दिवाळीत माझ्या मामेभावाने मस्कतहून रेडिओवर चालणारी एक मोटार आणली होती. तामिया ह्या जपानी कंपनीची ‘ग्रासहॉपर’. हे मॉडेल १९८४ चे. खेळणे म्हटले तरी ते खोक्यात सुट्ट्या भागांच्या रूपाने येई आणि जोडावे लागे. मामेभावाने आणि मी चार दिवस सतरंजीवर बसून ती जोडली. त्या वेळी चाकांच्या मध्यभागी बसवलेल्या त्या लहान पांढऱ्या नळ्यांकडे मी लक्ष दिल्याचे आठवत नाही. पुढे बॅटरी मेली, गाडी माळ्यावर गेली. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने ती खाली काढली आणि चाक हाताने फिरवून पाहिले. दीड फेरा होऊन ते थांबले.

जुन्या गाड्या जमवणारी मंडळी जगभर आहेत आणि त्यांच्यात मूळपणावरून पुष्कळ वाद चालतात. मूळ रंग, मूळ चिकटपट्ट्या, मूळ टायर. गंमत अशी, की बूश काढून बेअरिंग घालण्याबाबत मात्र त्यांच्यात बहुतेक एकमत दिसते: घाला. कारण ते आत असते, दिसत नाही, आणि कंपनी स्वतःच पूर्वीपासून ही बेअरिंगे जोडसामान म्हणून विकत आली आहे. बुशाचे आणि बेअरिंगचे बाहेरचे माप एकच. बाहेरचा व्यास ११ मिलिमीटर, आतले भोक ५, जाडी ४. त्या काळच्या तामिया गाड्यांत हे माप सर्रास आढळते. बेअरिंगच्या व्यापारात त्याला एमआर-११५ म्हणतात. नांदेडला वजिराबादेतल्या एका दुकानात मी विचारले तेव्हा दुकानदाराने मोटारसायकलच्या चाकाचे बेअरिंग पुढे ठेवले. मी बोटांनी माप दाखवल्यावर तो हसला. शेवटी टपालाने मागवावी लागली. औषधाच्या गोळ्या याव्यात तशी कागदी पुडीत आली.

काम अवघड नाही, पण शिकवणारे आहे. चाक काढले, बूश बाहेर काढला, आस पुसला. आणि आसावर बुशाच्या जागी एक बारीक चर दिसला. नखाला लागेल इतका. पोलाद झिजले होते आणि प्लास्टिक तितकेसे नाही. हे उलटे वाटते, पण कारण साधे आहे. आमच्याकडची धूळ बुशात शिरते, मऊ प्लास्टिकमध्ये रुतून बसते, आणि मग तो बूश कानसेसारखा कठीण आसाला खात राहतो. मऊ वस्तू आपल्या अंगात खडा दडवून ठेवते, झीज मात्र दुसऱ्याची होते. दोन चाकांचे आस मला बदलावेच लागले. त्यानंतर बेअरिंग अंगठ्याच्या दाबाने आत बसले. हातोडी लागली तर काहीतरी चुकते आहे असे समजावे, कारण बाहेरच्या कड्याचा ठोका छर्ऱ्यांमार्गे आतल्या कड्यावर उतरतो आणि गुळगुळीत वाटेवर खळगे पाडतो.

आणखी एक निवड करावी लागते. बेअरिंगची तोंडे पत्र्याच्या चकतीने झाकलेली घ्यायची की रबराच्या? पत्र्याची हलकी फिरतात, रबराची किंचित जड, पण धूळ आत येऊ देत नाहीत. शर्यतवाले तर आतले ग्रीस धुऊन पातळ तेल घालतात. त्यांच्याकडे मैदाने झाडलेली असतात. मन्याडच्या काठी एप्रिल महिन्यात ज्याला गाडी चालवायची आहे त्याने रबर घ्यावे आणि ग्रीसला हात लावू नये, असे माझे मत आहे. शिवाय सुकाणूच्या सांध्यांत मी बूशच ठेवले. तो सांधा पूर्ण फेरा कधी घेत नाही, थोडा डावीकडे थोडा उजवीकडे हलतो. तिथे छर्रे एकाच जागी रुतून बसण्याचीच शक्यता जास्त. शिवाय धक्के सोसण्यात साधी नळी बरी. सगळीकडे बेअरिंग घालणे हा उत्साह आहे, विचार नाही.

चाक आता बोटाने फिरवले तर दहा-बारा फेरे घेते आणि थांबताना जरासे मागे झुलते. ते झुलणे पाहायला मला आवडते.

तसे पाहिले तर बेअरिंगशी माझी ओळख ह्या गाडीपेक्षा जुनी आहे, आणि मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या बहुतेकांची असेल. फळीला आडव्या दोन लाकडी पट्ट्या ठोकून, त्यांच्या टोकांना गॅरेजातून मागून आणलेली ट्रकची बाद बेअरिंगे घातली की गाडा तयार होई. पुढची पट्टी एका बोल्टवर हलती ठेवायची, तिला दोरी बांधायची, तेच सुकाणू. डांबरी उतारावर असा गाडा सुटला की त्याचा आवाज गल्लीभर ऐकू जाई. ट्रकला नकोशी झालेली वस्तू आमच्याकडे चाक म्हणून आणखी वर्ष-दोन वर्षे जगे. सायकलच्या दुकानातही छर्रे भेटत: कटोरीत ग्रीसमध्ये एकेक चिकटवून बसवलेले, एक खाली पडला की सगळे दुकान ओणवे होऊन शोधी.

पण ह्या सगळ्याच्या आधी घरात एक बूश होता, आणि तो खेळण्याचा नव्हता. तो बैलगाडीचा होता.

आमची जुनी गाडी लाकडी चाकांची. बाभळीचा तुंबा, त्यात आरे, आऱ्यांवर पाट्यांचा घेर आणि घेरावर लोखंडी धाव. तुंब्याच्या भोकात लोखंडाची नळी बसवलेली असे आणि तिच्यातून लोखंडी आस जाई. तोच बूश. वंगण म्हणजे एरंडेल आणि जळक्या चिंध्यांची राख. ते एका नळकांड्यात भरून गाडीखाली टांगलेले असे, आणि लांबच्या वाटेला निघण्याआधी खीळ काढून चाक जरासे बाहेर ओढून काडीने आत फासावे लागे. हे काम मुलांचे. माझ्या हाताला तो काळा वास दोन-दोन दिवस राही. वंगण संपले की चाक ओरडे. ओरडणारी गाडी गावात आली की म्हातारी माणसे गाडीवानाला नावे ठेवत. ते ओझे बैल ओढतो आहे हे त्या आवाजातून सगळ्यांना कळे.

गाडीच्या ह्या आवाजावर मराठीत पुष्कळ हळवे लेखन झाले आहे. चाकांची कुरकुर, घुंगरांची साथ, चांदण्यातली वाट. मला ते वाचताना अवघडल्यासारखे होते. कुरकुर म्हणजे लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, आणि त्याची किंमत मोजणारा प्राणी लेखकाच्या पुढे चालत होता.

१९८४ साली अण्णांनी ती गाडी मोडली आणि टायरगाडी घेतली. हवेचे दोन टायर, लोखंडी आस, आत बेअरिंगे. आमच्या भागात तिला बरीच वर्षे ‘डनलॉप गाडी’च म्हणत, जनावरांच्या गाड्यांसाठी वेगळे टायर ह्या कंपनीने स्वातंत्र्यापूर्वीच बाजारात आणले होते. गाडी दारात उभी राहिली तेव्हा अण्णांनी एका हाताने ती मागेपुढे लोटून दाखवली. त्या दिवशी आमचा सुतारही पाहायला आला होता. पिढ्यान्‌पिढ्या तो आमची चाके भरी, खळ्यावर बलुते घेऊन जाई. धाव चढवण्याचा दिवस म्हणजे आम्हां मुलांना सण: गोवऱ्यांच्या आरात लाल झालेले कडे, ते चिमट्यांनी उचलून लाकडी घेरावर बसवणे, वरून पाणी, वाफेचा ढग आणि आवळत जाणाऱ्या लाकडाचा कडकडाट. नव्या चाकात त्याला करण्यासारखे काहीच नव्हते. तो उकिडवा बसला, चाक हाताने फिरवून पाहिले, बराच वेळ ते फिरताना पाहत राहिला, आणि मग अण्णांना म्हणाला, “मालक, आता किती पोते टाकलालाव?”

अण्णा म्हणाले, “बारा-तेरा बसतेत आरामात.”

जुन्या गाडीत सात-आठ बसत.

मला तेव्हा हा संवाद नुसता व्यवहाराचा वाटला. आज वाटते, की त्या अंगणात बेअरिंगविषयीचा नेमका प्रश्न त्यानेच विचारला. गाडी किती हलकी झाली हे सगळे विचारत होते. वाचलेले बळ कुठे जाणार आहे हे त्याने विचारले. कदाचित आपली मिळकत कुठे गेली ह्याचा शोध घेणाऱ्या माणसालाच तो प्रश्न सुचू शकतो.

इथे थोडा हिशेब करण्याचा मोह होतो. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला तो क्षम्य असावा. जुने चाक उंच, सुमारे १३० सेंटिमीटर व्यासाचे. आस चार सेंटिमीटरचा. बत्तीसास एक हे प्रमाण. गाडीवर एक टन ओझे असेल आणि वंगण नीट असेल तर बुशातले घर्षण शंभर किलोच्या जोराइतके होते, पण चाकाच्या उंचीमुळे बैलाला ते जाणवते फक्त तीन किलोइतके. उंच चाक ही स्वतःच एक युक्ती होती. आपल्या पूर्वजांनी छर्रे न वापरता बुशाचा त्रास बत्तीसपट कमी करून ठेवला होता. बेअरिंग घातले तर ह्या तीन किलोंचे शंभरेक ग्रॅम होतील. फायदा झाला, पण तीनच किलोंचा. कारण खरा खर्च दुसरीकडे होता: अरुंद लोखंडी धाव गाडीवाटेच्या मातीत रुते, तिथे टनामागे चाळीस-पन्नास किलो ओढ सहज लागे, आणि पावसात काळ्या मातीत तर विचारूच नये. डांबरी सडकेवर हवेच्या टायरला वीस किलोही पुरतात. म्हणजे बैलाचे कष्ट वाचवले ते मुख्यतः टायरने आणि सडकेने. बेअरिंग लागले ते दुसऱ्या कारणाने. टायरगाडीचे चाक लहान, पाऊण मीटरचे. तिथे उंचीची युक्ती निम्मी झाली, फेरे वाढले, आणि साधा बूश तापून लवकर खलास झाला असता. माझ्या खेळण्याचे प्रमाणही योगायोगाने तेच निघते: आठ सेंटिमीटरचे चाक, पाच मिलिमीटरचा आस, सोळास एक. फरक इतकाच, की त्याचे चाक मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेते.

बेअरिंगच्या इतिहासात गाडीच आधी येते हे मला नंतर कळले आणि बरे वाटले. छर्ऱ्यांवर फिरणाऱ्या आसाची कल्पना लिओनार्दोच्या वह्यांत आहे. पण पहिले एकस्व १७९४ साली फिलिप वॉन ह्या वेल्समधल्या लोखंडाच्या कारखानदाराने घेतले, ते घोडागाडीच्या आसासाठी. सारख्या मापाचे पोलादी छर्रे घाऊक घासून काढणारे यंत्र जर्मनीत श्वाइनफुर्टला फ्रीडरिश फिशरने १८८३ मध्ये बनवले, तेव्हा कुठे बेअरिंग स्वस्त व्हायला लागले. आणि स्वीडनच्या एसकेएफ कंपनीची गोष्ट तर आमच्याकडच्या माणसाला चटकन समजेल अशी आहे. स्वेन विंगक्विस्ट गोथेनबर्गच्या एका कापडगिरणीत इंजिनियर होता. गिरणी चिकणमातीवर उभी होती, जमीन हले, भिंतींवरचे लांब आस वाकडे होत आणि बेअरिंगे फुटत. म्हणून १९०७ साली त्याने थोडे वाकडे झाले तरी सांभाळून घेणारे बेअरिंग शोधले. उन्हाळ्यात हातभर भेगा पडणाऱ्या आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या काळ्या जमिनीवर घर बांधलेल्या कुणालाही त्या गिरणीची अडचण समजावून सांगावी लागणार नाही. त्याच कंपनीचा कारखाना पुढे पुण्याजवळ चिंचवडला आला, आणि आमच्या मराठवाड्यात जालन्याला एनआरबीचा.

ह्या सगळ्या शोधकांच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत असते: घर्षण वाचले म्हणजे कष्ट वाचले. १८६५ मध्ये विल्यम जेव्हन्स ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाबद्दल नेमकी उलटी शंका काढली होती. इंजिने सुधारली, कोळसा कमी लागू लागला, आणि म्हणून इंजिने इतकी वाढली की कोळशाचा एकूण खप वाढला. कोळशाला काही वाटत नाही. बैलाचे तसे नाही.

ह्याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. तो सरकारी नियमांत छापलेला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली १९६५ मध्ये ओढकाम आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले, आणि त्यात दुचाकी गाडीवर जास्तीत जास्त किती वजन घालावे ह्याचे कोष्टक आहे. मोठ्या बैलासाठी: साध्या चाकांची गाडी असेल तर ९०० किलो, हवेचे टायर असतील तर १३५० किलो, बॉल बेअरिंग असेल तर १८०० किलो. मध्यम बैलासाठी ७००, १०५० आणि १४००. लहान बैलासाठी ५००, ७५० आणि १०००. मी हे कोष्टक पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा वाचले. क्रूरता टाळण्याचा नियम. आणि तोच सांगतो, की बेअरिंग घातलेत तर दुप्पट लादा. वाचलेले घर्षण सगळेच्या सगळे ओझ्याच्या खात्यावर जमा. बैलाच्या वाट्याला त्यातला एक किलोही ठेवलेला नाही.

नियम करणाऱ्यांवर मी दगड टाकत नाही. बेअरिंगची गाडी म्हणजे टायरचीही असणार, असे त्यांनी धरले असावे, आणि मग ओढीचा हिशेब ढोबळपणे जुळतो. त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नको, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक नको, आणि पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये, असेही आहे. (मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात हा नियम पाळणारा मी अजून पाहिलेला नाही.) पण कोष्टकात गृहीत एकच आहे: बैलाचे काम म्हणजे ओढणे. ओढ कमी झाली तर वजन वाढवा.

बैल नुसता ओढत नाही, तो पेलतो. दुचाकी गाडीच्या ओझ्याचा काही हिस्सा साटीपासून धुरेवर आणि धुरेवरून जुवामार्गे मानेवर येतो. उतारावर तो आणखी वाढतो. जू आणि मान ह्यांच्यामध्ये ना बूश ना छर्रे. तिथे कातडी आहे. ओझे दुप्पट झाले की मानेवरचा हा हिस्साही वाढतो, आणि त्याला चाकातल्या बेअरिंगचा काडीचा उपयोग नाही. टायरगाडी आली त्याच हंगामात आमच्या डावीकडच्या बैलाची खांद सुजली. लाल कंधारीची जोडी होती ती, गडद तांबड्या अंगाची, माळेगावच्या जत्रेतून आणलेली. अण्णा त्या बैलाला हळद आणि तेल लावून शेकत, रात्री उठून पाहून येत. आणि आठ दिवसांनी सूज उतरली की पुन्हा बारा पोती. त्यांना मी कठोर म्हणू शकत नाही. टायरगाडीचे कर्ज होते, आणि ते बारा पोत्यांच्या हिशेबानेच फिटणार होते. गाडी घेताना त्यांनी बैलाचा विचार केला होता, हेही खरेच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणी असते. बैलाची मान गरम पाण्याने शेकायची, तूप-हळद चोळायची, आणि उद्या जेवायला या म्हणून त्याच्या कानात आवतण द्यायचे. वर्षातून एकदा का होईना, पण वंगण नेमके कुठे हवे आहे हे त्या रिवाजाला माहीत होते.

आता कंधार तालुक्यात बैलगाड्या कमीच दिसतात, ट्रॅक्टर आले. पण मुखेड, लोहा, कंधार ह्या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी जी कुटुंबे आहेत, त्यांपैकी बैल घेऊन जाणारांना साखरपट्ट्यात टायरगाडीच ओढावी लागते. गाडी पुष्कळदा कारखान्याची, बैल तोडकऱ्याचे, आणि मजुरी टनावर. अशा व्यवहारात बेअरिंग जितके चांगले तितका ऊस जास्त. कारखान्याच्या उतारावर एकावर एक रचलेल्या मोळ्यांखाली ताठलेल्या माना ज्याने पाहिल्या आहेत त्याला १८०० चा आकडाही सौम्य वाटेल. आणि इथेही जू बैलाच्याच मानेवर आहे असे समजण्याचे कारण नाही. उचल घेतलेला माणूस खेप कमी करू शकत नाही.

१९७० च्या दशकापासून बैलगाडी सुधारण्यासाठी धडपडणारे एन. एस. रामस्वामी, जे बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेचे संचालक होते, ते जू आणि मान ह्यांच्याबद्दलही बोलत. त्यांनी त्यासाठी ‘कार्टमॅन’ नावाची संस्था काढली. व्यवस्थापनशास्त्राच्या माणसाने बैलाच्या मानेत लक्ष घालावे ह्याचे तेव्हा अनेकांना हसू आले असणार. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी तर एक फारच सरळ गोष्ट केली. धुरेच्या पुढच्या टोकाला, दोन बैलांच्या मध्ये, एक लहान आधाराचे चाक लावले. मानेवर येणारे ओझे त्या चाकावरून जमिनीवर उतरते. नाव ठेवले ‘सारथी’. त्याची छायाचित्रे तेव्हा पुष्कळ फिरली, लोकांनी कौतुक केले. मला त्यात आवडली ती जागा. इतक्या वर्षांत चाकाच्या मध्यभागी काय घालायचे ह्याचा खल झाला. ह्या मुलांनी नवे चाक नेले ते मानेपाशी. ते चाक सर्वत्र लागले तर मोळ्यांचा आणखी एक थर चढेल का, ही शंका मला येते. सुतार असता तर त्याने ती पहिल्या दिवशीच विचारली असती.

खेळण्याकडे परत येतो, कारण तिथेही हाच प्रश्न फार लवकर उभा राहिला. बेअरिंगे बसवून झाली त्या संध्याकाळी मुलगा म्हणाला, “पप्पा, आता पाचशेचाळीस टाकू ना.” ग्रासहॉपरला मूळची मोटर ३८० मापाची, लहान. तिच्याच भावंडातल्या ‘हॉर्नेट’ला ५४० होती, ती सहज बसते. हलकी फिरू लागलेली गाडी पाहिली की मोठी मोटर घालावीशी वाटणे स्वाभाविक आहे. छंदाच्या जगात बेअरिंग ही मोठ्या मोटरची पहिली पायरीच मानतात. मग वेग वाढतो, मग मागचे दात झिजतात, मग ते पोलादाचे घ्यायचे. मी नाही म्हटले. कारण विचारल्यावर त्याला ९०० आणि १८०० चे कोष्टक काढून दाखवले. त्याने ते नीट वाचले आणि म्हणाला की ह्याच्यात बैल कुठे आहे? म्हणणे खरे होते. मोटरीला मान नसते. तरी मी ३८० च ठेवली. घराचा मालक असल्याचा एवढा फायदा मी घेतला.

काढलेले बूश एका काडेपेटीत घालून ठेवले आहेत, चर पडलेल्या दोन आसांसकट. बॅटरी नवी घेतली आहे, दोन्ही वेळा तीच वापरून मोजले: बुशांवर गाडी बावीस मिनिटे चालली, बेअरिंगांवर सत्तावीस. वाचलेले घर्षण आमच्याकडे पाच मिनिटांच्या रूपाने आले. मुलगा त्या पाच मिनिटांत गाडी जगत्तुंग समुद्राच्या बांधावर थेट वळणापर्यंत नेतो, तिथे सिग्नल तुटायला लागतो, आणि मग ती उचलून आणायला मला चालत जावे लागते.